जर्मन टोमॅटो सूप: मिक्सर ठेवा बाजूला, पुरणयंत्र काढा

नमस्कार मंडळी! श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरातून पुन्हा एकदा. गेल्या महिन्यात बटाट्याच्या सूपचा व्हिडिओ टाकला, तर त्याखाली निम्म्या कॉमेंट्स एकच: "ताई, तिकडे टोमॅटो सूप कसं करतात?" आणि एका दादांनी लिहिलंय, "त्यात काय एवढं, पाकीट फोडायचं." दादा, आजचा व्हिडिओ खास तुमच्यासाठी.

साहित्य पटकन सांगते. १ किलो पिकलेले टोमॅटो, १ मोठा कांदा, १ गाजर, लसणाच्या २ पाकळ्या, मोठा चमचाभर लोणी, २ मोठे चमचे टोमॅटो पेस्ट, १ तमालपत्र, अर्धा लिटर भाज्यांचा स्टॉक, छोटा चमचाभर साखर, १०० मिली क्रीम, मीठ, मिरी. वरून बेझिल. चौघांना पुरतं. जिरं नाही, आलं नाही, कॉर्नफ्लॉवर तर नाहीच. दाटपणा टोमॅटोचा आणि गाजराचा. जुन्या पद्धतीत लोण्यावर मैदा परतून घालायचे, मी घालत नाही.

कांदा, गाजर, लसूण लोण्यावर परता. ते मी तुम्हाला शिकवणार नाही. मग पेस्ट घाला, आणि इथे मात्र जरा थांबा. पेस्ट स्टॉकमध्ये ढवळून मोकळं व्हायचं नाही, कांद्याबरोबर दोनतीन मिनिटं परतायची, लालभडक रंग जाऊन विटकरी होईपर्यंत. कच्चा वास जायला हवा. आपण मसाला तेल सुटेपर्यंत परततो ना, तसंच. इथल्या स्वयंपाक्यांकडे त्यासाठी चक्क एक क्रियापद आहे, 'टोमाटिझीरन'. मराठीत टोमॅटोवणे म्हणा हवं तर.

आता टोमॅटो. चार फोडी करा आणि सालीसकट, बियांसकट पातेल्यात टाका. गरम पाण्यात बुडवा, साली सोला, बिया काढा, यातलं काही करायचं नाही. बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर लोक काढून टाकतात, पण टोमॅटोची सगळ्यात जास्त चव त्यातच असते. तमालपत्र, स्टॉक, मीठ, साखर, झाकण, मंद आचेवर २५ मिनिटं. साखरेवरून नाक मुरडू नका. इथे आज्या टोमॅटोच्या कुठल्याही पदार्थात चिमूटभर साखर घालतात. आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्यांनी तरी बोलू नये.

टोमॅटो कुठले घ्यायचे, हाही प्रश्न आलाय. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, त्यांचं गावाबाहेर श्रेबरगार्टन आहे. शहरातल्या लोकांना भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा, नाव लाइप्झिगच्या डॉक्टर श्रेबरांवरून पडलेलं. एप्रिलमध्ये कितीही ऊन पडो, आजी टोमॅटोचं रोप बाहेर लावत नाहीत. ११ ते १५ मे हे इथे 'बर्फाच्या संतांचे' दिवस. या संतांच्या नावाने शेवटचं दव गोठतं म्हणतात, आणि १५ तारखेला 'काल्टे झोफी', म्हणजे थंडगार सोफी, येऊन गेली की मग रोपं बाहेर. ऑगस्टमध्ये आजी बादलीभर टोमॅटो दारात ठेवून जातात. त्या टोमॅटोंचं सूप वेगळंच. जानेवारीत दुकानात मिळणारे काचघरातले टोमॅटो दिसायला देखणे, चवीला पाणी. तेव्हा सरळ डब्यातले घ्या. लाज कसली?

तर २५ मिनिटं झाली. सगळं मऊ झालंय, आणि आता तुमचा हात मिक्सरकडे जाणार. थांबा!

(कॅमेऱ्यासमोर पुरणयंत्र उचलून धरते.)

हे. ओळखलंत ना? होळीला निघतं, धुऊन पुसून परत माळ्यावर जातं. हेच लागणार आहे.

मी इथे नवीन होते तेव्हा पुण्याहून आणलेल्या मिक्सरमध्ये हे सूप उकळतं ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बटण दाबलं. गरम पातळ पदार्थ बंद भांड्यात घुसळला की वाफ एकदम वाढते, हे आता मला माहितीये. तेव्हा झाकण छताला लागून परत आलं. छत पांढरं, भाड्याचं. आणि करारात लिहिलेलं की घर सोडताना भिंती-छत जसं होतं तसं पांढरं करून द्यायचं. रंगाचे तीन हात दिले तरी ती केशरी नक्षी आतून दिसायची. हात भाजला नाही, हे नशीब.

"मग गार करून फिरवा ना ताई." फिरवलं मंडळी, तेही करून पाहिलं. तर हे बघा, दोन वाट्या. डावीकडचं मिक्सरमधलं, उजवीकडचं पुरणयंत्रातलं. टोमॅटो तेच, पातेलं तेच. डावीकडचं गुलाबीसर-केशरी दिसतंय आणि वर फेस. अजून क्रीमचा थेंबही घातलेला नाही! पातं इतक्या वेगात फिरतं की हवा आत कोंडली जाते, आणि त्या बारीक बुडबुड्यांनी रंग फिका पडतो. उजवीकडचं बघा, लाल. हॉटेलात सूप लाल दिसावं म्हणून बीट घालतात, ते दुखणं इथे मुळातच नाही.

आणि तिसरं, चव. मिक्सर बिया भरडतो, मग सूप किंचित कडवट होतं आणि जिभेला रवाळ लागतं. गाळून घेतलं तरी भरडलेल्या बियांचा कडवटपणा आत राहतोच. पुरणयंत्र बी फोडत नाही. गर खाली जातो, साली-बिया वर राहतात. एवढंच त्याचं काम आणि तेवढंच आपल्याला हवंय.

करायचं कसं? सगळ्यात बारीक भोकांची जाळी लावा, यंत्र पातेल्यावर बसवा, दोन डाव मिश्रण घाला आणि दांडा फिरवा. दहाबारा फेऱ्यांनी जड लागायला लागेल, म्हणजे साली जाळीवर चिकटल्यात. तेव्हा जोर लावायचा नाही, दोन फेऱ्या उलट फिरवा. साली सुटून वर येतात. परत सुलट. शेवटी जाळीच्या खालच्या बाजूने चमचा फिरवून घ्या, सगळ्यात दाट गर तिथेच चिकटून बसलेला असतो. तमालपत्र मात्र आधी काढा. मी एकदा विसरले आणि दाताखाली काड्या आल्या.

हे सगळं मला सुचलेलं नाही. एका वर्षी होळीला मी पुरण वाटत होते, आजी काहीतरी द्यायला वर आल्या, यंत्र बघितलं आणि दारातूनच ओरडल्या, "अरे, ही तर फ्लॉटे लॉटे!" फ्लॉट म्हणजे चपळ, लॉटे हे शार्लोटेचं लाडाचं नाव. चपळ शारू म्हणा ना! इथे घरोघरी या यंत्राला याच नावाने ओळखतात. फ्रान्समध्ये ज्यां मांतले यांनी १९३२ साली असल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्यातूनच पुढे मूलिनेक्स कंपनी उभी राहिली. आजींना मी पुरण चाखायला दिलं. डाळ गोड असते यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मला विचारलं, "मग यात टोमॅटो कधी घालता?" आणि मी त्यांना सांगितलं, कधीच नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

हां, आजकालचे जर्मन लोकही हँड ब्लेंडरच घालतात, ते मला ठाऊक आहे. कॉमेंटमध्ये लिहायचे कष्ट घेऊ नका. आजी घालत नाहीत आणि मी आजींच्या पक्षात आहे.

क्रीमबद्दल थोडक्यात. "ताई, माझं सूप फाटलं" असं लिहिणाऱ्या बहुतेकांनी क्रीमच्या जागी दूध घातलेलं असतं. टोमॅटोच्या आंबटपणाने दूध फाटणारच, पनीर असंच करतो ना आपण? क्रीममध्ये चरबी जास्त आणि प्रथिनं कमी, म्हणून ते टिकतं. इथल्या श्लागझानंमध्ये, म्हणजे फेटायच्या क्रीममध्ये, किमान ३० टक्के चरबी असते, भारतातल्या डब्यातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५. तेही चालतं, पण गॅस बंद करून घाला, आधी वाटीत डावभर सूपमध्ये कालवून घ्या, आणि मग उकळी नको.

वर घालायला पावाचे तुकडे लोण्यात कुरकुरीत करा. नाहीतर इथली गंमत सांगते, या भागात सूपवर बाकएर्ब्सन घालतात. नावाचा अर्थ भाजलेले वाटाणे, पण वाटाणा औषधालाही नाही. पीठ झाऱ्यातून गरम तेलात पाडायचं, गोल दाणे तळायचे. म्हणजे काय? बुंदी! मी मुंबईहून आलेली खारी बुंदी घातली, आजींना फरक कळला नाही.

एक प्रश्न राहिला: "विमानात टोमॅटो ज्यूस इतका छान लागतो, घरी का नाही लागत?" विषय सुटला, पण हे मला आवडतं. लुफ्तान्झा या जर्मन विमान कंपनीलाही हाच प्रश्न पडला होता. २०१० साली फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने होल्त्सकिर्खेन गावी, विमानातल्यासारखा हवेचा दाब कमी करून लोकांना ज्यूस पाजला. जमिनीवर ज्याला कुबट वास येतो म्हणाले, तोच तिथे गोड आणि फळासारखा लागला. कमी दाबात मीठ-साखरही कमी जाणवते. तुम्ही सूप जमिनीवरच चाखणार आहात, तेव्हा मीठ बेताने.

आणि आई, तू हे बघत असशील तर: हे तू दिलेलं नैवेद्याच्या पुरणाचं यंत्र नाहीये. ते वर कपाटात आहे, त्याला कांदा-लसूण लागलेला नाही. हे मी इथल्या जुन्या बाजारातून आणलंय, मागच्या वर्षी. त्याआधीची तीन वर्षं मी सूप कशात केलं, ते फोनवर विचारू नकोस.