डबल स्टँडकडे वाकून बघा

श्रोतेहो, नमस्कार.

स्कूटर सर्व्हिसिंगला देताना आपण ऑइल, ब्रेक, हवा सगळं आठवणीनं सांगतो, पण डबल स्टँडचं नाव सहसा निघत नाही. मीही कधी काढत नव्हतो. मग एकदा गाडी खड्ड्यातून गेली आणि खालून खर्रकन आवाज आला. थांबून पाहिलं तर स्टँड खाली लोंबत होतं. स्प्रिंग तुटली नव्हती, नुसती ढिली पडली होती. वळणावर गाडी कललेली असताना ते रस्त्याला अडकलं असतं, तर मी नक्की पडलो असतो.

तेव्हापासून मी आधी स्प्रिंग बघतो. गाडी साइड स्टँडवर उभी करा, डबल स्टँड पायानं थोडं खाली दाबा आणि सोडा. ते टपकन वर जाऊन रबरी स्टॉपरला भिडलं पाहिजे. रेंगाळलं, तर लगेच स्प्रिंगला दोष देऊ नका. स्टँड ज्या पिनवर फिरतं, ती चिखल बसून बुशात, म्हणजे तिच्याभोवतीच्या छोट्या नळीत, आवळली असेल, तर नवी स्प्रिंगही स्टँड ओढू शकणार नाही. रॉकेल आणि ब्रशनं माती काढा, पुसून ग्रीस भरा. स्टॉपरला मात्र ग्रीस लागू देऊ नका, त्यानं रबर फुगतं. एवढं करूनही स्टँड रेंगाळलं, तर स्प्रिंग थकली आहे.

आता पिन आणि बुश. गाडी डबल स्टँडवर लावून मागून धरा आणि हलकेच डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवली, तर दोन्ही एकदमच बदला, कारण झिजलेल्या पिनवर नवा बुश टिकत नाही. हा खर्च टाळू नका असं मी कळकळीनं सांगतो. बऱ्याच गिअरलेस स्कूटरमध्ये स्टँड इंजिनच्या केसिंगलाच, म्हणजे बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या कवचालाच, बसवलेलं असतं. ढिली पिन ॲल्युमिनियमचं भोक कुरतडत राहते. भोक मोठं झालं किंवा कान, म्हणजे ते भोक असलेला बाहेर आलेला भाग, तडकला, की एका छोट्या पिनेसाठी अख्खं केसिंग बदलायची वेळ येते. काम झाल्यावर स्प्लिट पिन, म्हणजे मोठी पिन निसटू नये म्हणून टोकाला वाकवून बसवतात ती तारेची पिन, नवीच घाला. जुनी सरळ करून पुन्हा वाकवली की तुटते.

संपूर्ण स्टँड घ्यायचं असेल, तर जुनं सोबत न्या. मॉडेलचं नाव तेच असलं, तरी चाक 10 इंची की 12 इंची यावर स्टँडची उंची ठरते. पिनच्या भोकापासून पायापर्यंतची लांबी, दोन कानांमधलं अंतर आणि पिनची जाडी मोजून बघा. मागचा शॉकॲब्सॉर्बर लांब बसवला असेल, तर मूळ मापाचं स्टँड तोकडं पडू शकतं. जुन्या व्हेस्पाच्या स्टँडला रबरी बूट असतात, त्यांत 16, 20 आणि 22 मिलिमीटर अशी मापं येतात. स्टँडच्या नळीची बाहेरची जाडी मोजल्याशिवाय ते घेऊ नयेत. बूट फाटले की नळीचं टोक जमिनीवर घासतं आणि पाणी आत शिरून ती आतून गंजते.

स्प्रिंग चढवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. पकड निसटली, तर स्प्रिंग थेट तोंडावर येते. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एकेक करून वॉशर अडकवत गेलात, तर ती ताणलेली राहते आणि हुक सहज बसतो. मग स्टँड खाली केलं, की वॉशर आपोआप गळतात. एखादा आत अडकून राहिला, तर पकडीनं ओढून काढा. नंतर मागचं चाक हातानं फिरवा. ते जमिनीला न टेकता मोकळं फिरायला हवं.