कौलं, बोगदा, जायफळ : सेंट जॉर्जेसमध्ये एक दिवस

(दृश्य : उतारावरची घरं, लाल छपरं, कौलं जवळून)

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनेडा या बेटदेशाची राजधानी, सेंट जॉर्जेस. ही कौलं बघा. माशाच्या खवल्यासारखी, एकावर एक चढवलेली. आपल्याकडच्या मंगलोरी कौलांपेक्षा लहान आणि चपटी. ही ग्रेनेडात भाजलेली नाहीत, युरोपातून आली आहेत. साखर न्यायला येणारी जहाजं येताना जवळजवळ रिकामी असायची. रिकामं जहाज समुद्रात कलंडतं, म्हणून तळाशी विटा आणि कौलं भरायची, इथे उतरवायची, आणि त्या जागी साखरेची पिंपं चढवायची. दोन्ही खेपांना वजन सारखं.

पण नुसतं स्वस्तात मिळालं म्हणून गाव विटांचं झालं नाही. १७७१, १७७५ आणि १७९२ अशा तीन मोठ्या आगींत लाकडी गाव पुन्हा पुन्हा जळालं. शेवटी गावात लाकडी घरं बांधायला मनाई झाली. आज बंदरावरून जे देखणं दिसतं, ते त्या मनाईमुळे.

(दृश्य : कॅरेनाज, होड्या, घोड्याच्या नालेसारखं बंदर)

हे आतलं बंदर. नाव कॅरेनाज. होडी किनाऱ्याला घेऊन कुशीवर कलती करायची, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे आणि डांबर लावायचं, या कामाला फ्रेंच खलाशी जो शब्द वापरत, तोच या जागेला चिकटला. बाजूचं लगून म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड. म्हणून काठापासून दोन पावलांवर पाणी खोल, आणि भोवती तिन्ही बाजूंनी चढ. वादळात होड्या इथे आत घ्यायच्या, हा इथला जुना रिवाज.

काठावर हात उंचावलेला हा ब्राँझचा ख्रिस्त. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी ‘बियांका सी’ या इटालियन प्रवासी जहाजाला बंदराबाहेर आग लागली. जहाजावर सातशेच्या आसपास माणसं होती. गावातली वल्ह्याची, शिडाची, मिळेल ती होडी बाहेर पडली आणि जवळजवळ सगळ्यांना घेऊन आली. पुतळा जहाज कंपनीने आभार म्हणून दिला.

(दृश्य : बोगदा, आतून बाहेरच्या उजेडाकडे)

गाव एका डोंगरधारेच्या दोन बाजूंना वसलेलं आहे. इकडे कॅरेनाज, पलीकडे उघड्या समुद्राकडचं बे टाउन. मधला चढ इतका उभा की भरलेली घोडागाडी वर नेताना घोडे घसरायचे. १८९०च्या दशकात डोंगराच्या पोटातून हा बोगदा काढला, नाव गव्हर्नर सेंडॉल यांचं. लांबी ३४० फूट, उंची १२. काढला घोडागाड्यांसाठी, आज त्यातून मिनीबस जातात, एकेरी. पायी माणसंही याच बोगद्यातून जातात. वेगळा पदपथ नाही. गाडी आली की भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं. वाहतूक डावीकडून, त्यामुळे आपल्या माणसाला रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

पर्यटकांची मोठी जहाजं बे टाउनच्या बाजूला लागतात. सकाळी येतात, संध्याकाळी सुटतात. हातात सहा-सात तास. उतरलेल्यांतले बहुतेक थेट ग्रँड आन्सच्या वाळूवर जातात. वाळू चांगली आहे, वाद नाही. पण वाळू पुढच्या बेटावरही आहे. मिनीबसचा थांबा जहाजाच्या धक्क्याजवळच आहे. गाडीच्या काचेवर वर्तुळात आकडा असतो. ५ आकड्याची गाडी पकडायची आणि ग्वाव्हला जायचं. नकाशावर गुयाव्ह असं दिसेल, फ्रेंचांनी पेरूवरून दिलेलं नाव. पाऊण तासाचा किनाऱ्याचा रस्ता. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. उतरायचं असलं की गाडीच्या पत्र्यावर बोटांनी टकटक करायची. आणि एक सूचना : लष्करी छापाचे कपडे या देशात कायद्याने बंद आहेत, टोपीसुद्धा. बॅगेतच राहू द्या.

(दृश्य : ग्वाव्ह, तीन मजली वखार, झाडाखाली वेचणी)

ही जायफळाची वखार. पण सुरुवात इथून नाही, झाडाखालून.

जायफळाचं फळ जर्दाळूएवढं, पिवळं. पिकलं की शिवणीवर आपोआप उकलतं आणि आतली लालभडक जाळी दिसते. ती जायपत्री. जाळीच्या आत टणक, तपकिरी कवच आणि कवचात जायफळ. एका फळात दोन मसाले. फळ झाडावरून तोडत नाहीत, पडलेलं वेचतात. रोज वेचतात, कारण ओल्या पाल्यात फळ चार दिवस राहिलं तर कवचाला बुरशी धरते, कधी आतपर्यंत जाते, आणि बुरशीचं विष तपासणीत सापडलं की युरोपात माल उतरत नाही. कोकणात नारळी-पोफळीखाली जायफळ करणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे फळ ऐन पावसात पडतं.

जायपत्री बागेतच हाताने सोलायची, टोकाकडून, सावकाश. अख्खी निघाली तर वरची प्रत, तुकडे झाले की प्रत उतरली. मग चपटी दाबून वाळवायची. जायफळ कवचासकट पोत्यात भरून वखारीत.

(दृश्य : वजनकाटा, पावती, वरच्या मजल्यावरचे लाकडी ट्रे)

काट्यावर वजन होतं, पावती फाटते, आणि शेतकऱ्याला तिथेच पौंडाच्या हिशेबाने पैसे मिळतात. ही उचल. वर्षभराचा माल विकून झाला की शिल्लक रकमेतून दुसरा हप्ता, ज्याने जितका माल घातला त्या प्रमाणात. सहकारी साखर कारखान्याला ऊस घातलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. १९४७ साली इथली जायफळ सहकारी संस्था उभी राहिली ती याचसाठी. त्याआधी भाव व्यापारी सांगेल तो.

आता वाळवण. लाकडी ट्रे, एकावर एक, सहा ते आठ आठवडे. सावलीत. उन्हात का नाही? जायफळात चरबी भरपूर असते. कडक उन्हात ती वितळते, जायफळाला तडे जातात, वास उडतो. रोज लाकडी दाताळ्याने माल खालीवर करायचा, नाहीतर तळचा ओला राहतो. वाळला की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. हा आवाज ऐका.

(दृश्य व मूळ आवाज : मुठीत जायफळं हलवली जातात. निवेदन थांबवावं – ४ सेकंद)

गर आकसून कवचापासून सुटला की तो आत खुळखुळतो. खुळखुळला की फोडायचा.

फोडायला यंत्र आहे. कवचं फुटून माल खाली येतो आणि मग हातकाम सुरू होतं. या बाकांवर ओळीने बसलेल्या बायका कवच बाजूला करतात, फुटलेला गर वेगळा, किडका वेगळा. घाव जरा जास्त बसला तर गर दुभंगतो. दुभंगलेला गर सगळ्यांत खालच्या भावाला, तेल काढायला जातो. कवचं मात्र वाया जात नाहीत. बागेच्या वाटांवर पसरतात, चिखल होत नाही आणि तणही दबतं.

मग पाण्याची टाकी. बुडलं ते चांगलं, भरीव. तरंगलं ते पोचट, त्याचीही रवानगी तेलाकडे. टाकीतून काढलेलं जायफळ पुन्हा किमान एक दिवस वाळवावं लागतं. इथे घाई केली की आधीच्या आठ आठवड्यांचं काम गोणीत बुरशीला जातं.

शेवटी चाळणी. प्रतीचं नाव आकड्यात : ८०, ११०. म्हणजे एका पौंडात किती मावतात तो आकडा. ११०चं जायफळ चार ग्रॅमच्या जरा वर, ८०चं साडेपाचच्या वर. आकडा लहान, फळ मोठं, भाव जास्त. नव्या माणसाचा हमखास उलटा समज होतो.

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत जायपत्री)

जायपत्री वेगळ्या, अंधाऱ्या खणांत. तीनेक महिने. आत जाताना लाल, बाहेर येताना फिकट केशरी, मग पिवळी. प्रती तीन. आणि ही गोणी. कापलेला पत्रा ठेवून ब्रशने शाई फिरवतात. प्रत, देश, बंदर.

(दृश्य : राष्ट्रध्वज, नंतर २००४ची स्थिरचित्रं)

१९७४ साली स्वतंत्र झालेल्या या देशाच्या झेंड्यावर, डाव्या अंगाला, उकललेलं जायफळ आहे. झाड मूळचं इथलं नाही. ते इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं, इथे आलं १८४३च्या सुमाराला. मुळं उथळ. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन चक्रीवादळ बेटावरून गेलं आणि बहुतेक झाडं उन्मळली. नव्या रोपाला फुलं यायला सहा-सात वर्षं, आणि तेव्हा कुठे कळतं की झाड नर की मादी. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मे नर, आणि दहा माद्यांना नर एकच पुरतो. कोकणात यावर कलमांचा उपाय रुळला. इथेही कलमं करतात, पण बऱ्याच जणांनी तेवढं थांबण्यापेक्षा कोको लावला. आयव्हनपूर्वी जगात इंडोनेशियाखालोखाल नाव होतं, आता नाही.

(दृश्य : चुलीवरचं मोठं पातेलं)

वखारीच्या रस्त्यावर जेवणाची वेळ. ‘ऑइल डाउन’, इथलं राष्ट्रीय जेवण. पातेलं ढवळायचं नसतं, रचायचं असतं. तळाशी रात्रभर भिजवून खारटपणा काढलेलं मांस, त्यावर निरफणसाच्या फोडी, कच्ची केळी, पिठाचे लांबट गोळे, सगळ्यांत वर अळूची पानं. त्यावर हळद कालवलेलं नारळाचं दूध. बाजारात हळद मागायची तर ‘सॅफ्रन’ म्हणायचं, इथे केशर म्हणतात ते हळदीलाच. मंद आच, झाकण, तासभर. दूध आटतं आणि नारळाचं तेल तळाला उरतं, नाव त्यावरूनच. निरफणस पिकलेला घेतला तर लगदा होतो, जून पण कच्चाच हवा. मांस वगळलं तर यातलं रत्नागिरीला अनोळखी काही नाही.

कोपऱ्यावर रोटीही मिळते. ती १८५७मध्ये ‘मेडस्टोन’ जहाजातून कलकत्त्याहून आणलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावरच्या मजुरांची. बहुतेक भोजपुरी मुलखातले, मराठी नव्हेत.

(दृश्य : फोर्ट जॉर्ज, तोफा, आतलं अंगण)

परत गावात, फोर्ट जॉर्ज. फ्रेंचांनी १७०५मध्ये बांधायला घेतलेला. तोफांच्या जागेवरून दोन्ही गावं एका नजरेत दिसतात. १९ ऑक्टोबर १९८३ रोजी पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांच्या सात साथीदारांना याच अंगणात भिंतीपाशी गोळ्या घातल्या. सहा दिवसांनी अमेरिकी सैन्य उतरलं. मृतदेह मिळाले नाहीत.

(दृश्य : मार्केट स्क्वेअर, मसाल्याच्या टोपल्या)

बाजार रोज असतो, पण भरतो शनिवारी. वखारीचं काम बघायचं तर कामाचा दिवस हवा. एकाच दिवसात दोन्ही पूर्ण रंगात मिळत नाहीत. निवडायचंच असेल तर वखार.

टोपल्या आणि मसाल्याच्या माळा फोटोसाठी छान, पण त्यातला माल किती जुना ते कळत नाही. सुटं घ्या. कवचासकट घेतलं तर वास वर्षानुवर्षं टिकतो. विकणारी बाई स्वतःच एक उचलून तुमच्या कानापाशी हलवते. खुळखुळलं तर घ्यायचं. घरी कवचावर वरवंट्याचा हलका टोला, टोकावर, आडवा नाही. आडवं मारलं की गर दुखावतो. मग सहाणेवर दोन वळसे. श्रीखंडाला तेवढं पुरतं.