अटॅक ग्राफ: वाटा दोन, सर्व्हर एकच! शक्यता कशी काढायची?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "ताई, अटॅक ग्राफ काढला, आकडे घातले, पण उत्तर तुमच्याशी जुळत नाही." आज तेवढंच घेऊ.

मूळ गोष्ट भराभर सांगते. अटॅक ग्राफ म्हणजे हल्लेखोर नेटवर्कमध्ये कुठून कुठे जाऊ शकतो त्याचा नकाशा. हल्लेखोराच्या ताब्यात काय आलं, ती प्रत्येक स्थिती म्हणजे एक नोड. एका नोडवरून पुढच्यावर जाता येत असेल तर बाण. बाणावरचा आकडा म्हणजे, मागचं मशीन पडलेलंच, म्हणजे हल्लेखोराच्या ताब्यात गेलेलंच, आहे असं धरून, पुढचं पडण्याची शक्यता. झाला बायेशियन अटॅक ग्राफ.

एकाने विचारलंय, मशीनमधले दोष शोधणाऱ्या स्कॅनरची यादी असताना ग्राफ कशाला? अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीचं २०१३ चं प्रकरण घ्या. एअर कंडिशनिंग आणि रेफ्रिजरेशनची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराचं लॉगिन चोरीला गेलं. तिथून आत शिरलेले लोक थेट बिलिंग काउंटरच्या मशीनपर्यंत पोचले आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. यादीत या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच दिसत नाही. ग्राफमध्ये त्यांच्यातली वाट दिसते.

आता जिथे सगळे अडकताय तिथे येऊ. स्क्रीनवर बघा. इंटरनेटवरून वेब सर्व्हर पडण्याची शक्यता ०.५. वेब सर्व्हरवरून डेटाबेसकडे दोन वाटा: एक थेट, ०.६, दुसरी बॅकअपच्या मशीनवरून, तीही एकूण ०.६. डेटाबेस पडण्याची शक्यता किती?

बहुतेकांनी असं केलंय: पहिली वाट ०.५ गुणिले ०.६, म्हणजे ०.३. दुसरीही ०.३. दोन्ही फसण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. म्हणून उत्तर ०.५१.

थांबा. वेब सर्व्हर पडण्याची शक्यता ०.५० आणि त्याच्या मागे असलेला डेटाबेस पडण्याची ०.५१? वेब सर्व्हर ओलांडल्याशिवाय तिथे जाताच येत नाही! हे उत्तर शक्यच नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. समजा, वेब सर्व्हर पडलाच नाही. मग पहिली वाट बंद आणि दुसरीही बंद, एकदमच. एक बंद झाल्यावर दुसरी आपोआप बंद होत असेल तर त्या वाटा स्वतंत्र कशा? तो ०.५ तुम्ही दोनदा मोजलाय. तो एकदाच बाहेर काढा. आधी वेब सर्व्हर पडलाय असं धरा: दोन्ही वाटा फसण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.१६, निदान एक लागण्याची ०.८४. आता ०.५ ने गुणा. ०.४२. हे बरोबर.

"०.५१ काय नि ०.४२ काय, फरक किती?" असं कुणी म्हणेल. मला कळकळीने सांगायचंय ते इथेच, कारण या आकड्यांवर पैसे खर्च होतात. बॅकअपची वाट बंद केली तर डेटाबेसची शक्यता ०.३० वर येते. चुकीच्या हिशोबात ०.२१ चा फायदा दिसतो, खरा फायदा ०.१२ चा. उलट, वेब सर्व्हर पॅच करून ०.५ चे ०.२५ केलेत तर बरोबर हिशोबाने डेटाबेस ०.२१ वर येतो. फायदाही ०.२१, जवळजवळ दुप्पट. चुकीच्या हिशोबात मात्र दोन्ही कामं जवळजवळ सारखीच वाटतात आणि मग ज्याचं कोटेशन आधी आलं ते काम होतं.

एका पतसंस्थेत मी हेच बघितलं. फाइल सर्व्हरच्या अहवालात "दोन स्वतंत्र धोके" लिहिले होते. दोन्ही वाटा अकाउंटंटच्या एकाच पीसीवरून जात होत्या, त्यावर रिमोट सॉफ्टवेअर कायम चालू, आणि खरेदीची चर्चा मात्र नव्या फायरवॉलची. त्या पीसीवर दोन्ही बाण बोटाने दाखवले तेव्हा मॅनेजर साहेबांनी ते सॉफ्टवेअर तिथल्या तिथे काढायला लावलं. खर्च शून्य.

बाणांवरच्या आकड्यांबद्दल एक विनंती. सीव्हीएसएस, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषाला दहापैकी मिळणारा स्कोअर, ९.८ आहे म्हणून ०.९८ लिहू नका. तो स्कोअर दोष किती गंभीर आहे ते सांगतो, हल्ला होण्याची शक्यता नाही. तो सांभाळणाऱ्या फर्स्ट या संस्थेचाच ईपीएसएस नावाचा वेगळा आकडा आहे. पुढच्या ३० दिवसांत त्या दोषाचा गैरवापर होण्याची शक्यता तो देतो. तोही तुमच्या नेटवर्कपुरता काढलेला नसतो, पण निदान शक्यतेची भाषा बोलतो.

"कुठलं सॉफ्टवेअर वापरू?" ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतले युजर आणि कॉम्प्युटर एकत्र सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था, असेल तर २०१६ पासून उपलब्ध असलेलं ब्लडहाउंड वाटा छान दाखवतं. शक्यतांचा हिशोब मात्र आधी कागदावर करा, पाच-सहा नोडचाच.

आणि हो, एका मित्राने कमेंटमध्ये कंपनीचे खरे आयपी आणि सर्व्हरची नावं टाकली होती. मी ती कमेंट काढलीय. ग्राफ जरूर पाठवा, पण नावं अ, ब, क अशी ठेवून. अ वरून ब आणि ब वरून परत अ, असं चक्र ज्यांच्या ग्राफमध्ये आलंय, त्यांनी तसं वर लिहा. पुढचा व्हिडिओ त्यावरच करतेय.