शिळा की शिला?

(मराठी भाषा गौरव दिनाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी. जेवणाआधी बोलायला उभं केलंय, तेव्हा आवरतं घेतो.

परवा आपल्या मराठी शाळेत तुकोबांची गोष्ट सांगत होतो. वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तुकोबा काठच्या शिळेवर १३ दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले. फळ्यावर 'शिळा' लिहिलं, तर एका चिमुरडीनं विचारलं, "काका, म्हणजे कालची उरलेली?" घरात शिळी पोळी रोज कानावर पडते, देहूची शिळा कुठून पडणार!

हातात मावतो तो दगड. दोन्ही हात लावावे लागतात तो धोंडा. कोकणात पायाखाली पसरलेला असतो तो कातळ. आणि शिळा म्हणजे, माझ्यापुरतं सांगतो, माणूस मांडी घालून बसेल एवढा ऐसपैस दगड.

पण पोरीचंही चुकलं नाही. तो भात शिळा, ती देहूची शिळा. लिहायला अक्षर न् अक्षर सारखं. विभक्ती लागली की वाटा फुटतात: शिळ्या भाताला फोडणी द्यायची, शिळेवर माथा टेकवायचा. त्यात शीळ घालणारेही आलेच. एक शीळ, दोन शिळा! 'शिळेने झोपमोड झाली' म्हटलं, तर कुणी शीळ घातली की उशाला धोंडा होता, हे बोलणाऱ्यालाच विचारावं.

आता ल की ळ? संस्कृतातला मधला ल मराठीच्या तोंडी बहुधा ळ होतो. फल-फळ, कमल-कमळ, तशी शिला-शिळा. संस्कृत सोबती भेटला की जुना ल परततो: फळ पण फलाहार, शिळा पण शिलालेख. कन्याकुमारीचं विवेकानंद शिलास्मारकही तसंच. १९७० साली ते उभं राहिलं ते आपल्या विदर्भातल्या एकनाथ रानड्यांच्या खटपटीतून. देहूला मात्र मंदिर शेजारी असूनही 'शिळा मंदिर'च. वारकऱ्यांचा ळ कुणाला हटत नाही, आणि मला तो फार आवडतो.

ल असो, ळ असो, शि मात्र ऱ्हस्वच. दीर्घ केली की ती सुशीलेतली शीला होते. आपल्या वास्तूच्या निमंत्रणात 'कोनशीला समारंभ' छापून आलं होतं, ते माझ्याच हातचं. एका आजींचा लगेच फोन, "अरे, ही कोनशीला कुणाची रे? आपल्या मंडळात नवीन आली का?"

दगडावर नीट कोरून घेतलंय. जाताना बघून घ्या.