कागद कुणाचे?

हा फोटो नीट पाहा. वर झुंबर, एका बाजूला शॉवरचा पडदा, शेजारी कमोड. आणि उरलेल्या जागेत एकावर एक रचलेली खोकी. फ्लोरिडातल्या पाम बीचचं हे मार-ए-लागो. डोनाल्ड ट्रम्प यांचं घर आणि क्लबसुद्धा. इथं लग्नं होतात, मेजवान्या होतात, पाहुण्यांची सतत ये-जा असते. पद सोडल्यावर ट्रम्प यांनी सरकारी गोपनीय कागद इथं ठेवले, असा आरोप होता. जून २०२३च्या आरोपपत्रात सरकारी वकिलांनी हा फोटो छापला.

हे कागद कुणाचे? अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे.

पूर्वी राष्ट्राध्यक्ष पद सोडताना आपले कागद सोबत नेत. ते त्यांच्या मालकीचेच समजले जात. १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी राजीनामा दिला आणि ही रीत अंगावर आली. निक्सन यांनी सरकारशी करार केला होता. त्यात, त्यांच्या मृत्यूनंतर व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती नष्ट करायचं कलम होतं. निक्सन यांना ज्यामुळे जावं लागलं, त्या वॉटरगेट प्रकरणाचा पुरावा त्या फितींमध्ये होता! अमेरिकी संसदेनं घाईनं कायदा केला आणि सुमारे ४ कोटी २० लाख पानं आणि ८८० ध्वनिफिती सरकारच्या ताब्यात ठेवल्या. निक्सन कोर्टात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन अशा मतांनी हरले. पुढच्याच वर्षी कायदा आला: राष्ट्राध्यक्षाच्या कामकाजाचे कागद देशाचे.

आता पुन्हा मार-ए-लागो.

सरकारी कागद जपणारं राष्ट्रीय अभिलेखागार २०२१ पासून कागद मागत होतं. जानेवारी २०२२ मध्ये १५ खोकी परत आली. उघडली, तर आत गोपनीय शिक्क्याचे जवळपास दोनशे दस्तऐवज. मे महिन्यात ग्रँड ज्युरीचं, म्हणजे आरोप ठेवायचे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, कागद हजर करायचं समन्स निघालं. ३ जूनला ट्रम्प यांच्या बाजूनं आणखी ३८ दस्तऐवज दिले गेले आणि सोबत लेखी हमी, की कसून शोध घेतलाय, आता काही उरलेलं नाही. आरोपपत्र सांगतं, की त्याआधीच्या दहाएक दिवसांत कोठीच्या खोलीतून सुमारे ६४ खोकी हलवली गेली आणि त्यातली ३०च परत आली.

८ ऑगस्टला एफबीआयनं झडती घेतली. आणखी १०२ दस्तऐवज सापडले. काहींवर 'अतिगोपनीय' असा शिक्का होता.

गोपनीय कागद जो बायडेन यांच्या गॅरेजमध्येही सापडले, माइक पेन्स यांच्या घरीही. त्या दोघांनी ते स्वतःहून कळवले आणि झडतीला आडकाठी केली नाही. दोघांवरही खटला झाला नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. सामान बांधताना एखादी फाइल चुकून येऊ शकते. मागितल्यावर ती दडवली, हा ट्रम्प यांच्यावरचा आरोप होता. ट्रम्प यांनी सगळे आरोप नाकारले. ते कागद आपले वैयक्तिक होते, असा त्यांच्या वकिलांचा दावा होता.

मग ज्युरीनं काय ठरवलं? ज्युरी बसलीच नाही. १५ जुलै २०२४ रोजी न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी खटला रद्द केला. त्यांना या पदावर ट्रम्प यांनीच नेमलं होतं. रद्द करण्याचं कारण कागदांशी संबंधित नव्हतं. हा खटला चालवणारे विशेष सरकारी वकील जॅक स्मिथ यांची नेमणूकच घटनाबाह्य आहे, असं कॅनन यांचं म्हणणं. स्मिथ यांनी अपील केलं. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले. विद्यमान राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही, हे न्याय खात्याचं जुनं धोरण. त्यांच्याविरुद्धचं अपील मागे घेतलं गेलं.

या तपासावर स्मिथ यांनी लिहिलेला अहवालाचा खंड जाहीर करायला कॅनन यांनी जानेवारी २०२५ मध्ये मनाई केली.

फेब्रुवारीच्या अखेरीस जप्त केलेली खोकी ट्रम्प यांना परत मिळाली. ती एअर फोर्स वनमध्ये चढवली गेली आणि विमान फ्लोरिडाकडे निघालं.