रात्री उघडलेले सूचिकार्डांचे खण

७ नोव्हेंबर १९७५ची रात्र. न्यूयॉर्क राज्यातलं लाँग आयलंड. आयलंड ट्रीज हायस्कूलच्या ग्रंथालयात दोघं जण सूचिकार्डं चाळतायत. दोघंही शिक्षण मंडळाचे सदस्य. हाताशी आक्षेपार्ह पुस्तकांची यादी आहे, ती एका पालक संघटनेच्या परिषदेत मिळालेली. नऊ पुस्तकं या ग्रंथालयात सापडतात.

पुढच्या फेब्रुवारीत हुकूम सुटतो : यादीतली पुस्तकं कपाटातून काढा, मंडळाच्या कार्यालयात पाठवा, सदस्य वाचून बघतील. आधी जप्ती, मग वाचन!

पत्रकात मंडळ या पुस्तकांना अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ गलिच्छ म्हणतं. ज्यूविरोधी? हटवलेल्या पुस्तकांत बर्नार्ड मॅलमड या ज्यू लेखकाची कादंबरी होती. झारच्या रशियात खुनाच्या खोट्या आरोपाखाली तुरुंगात सडणाऱ्या ज्यू कारागिराची.

अ‍ॅलिस चाइल्ड्रेस यांची किशोर कादंबरीही गेली. तिच्यातला बेन्जी १३ वर्षांचा, हार्लेमचा, हेरॉइनच्या विळख्यात सापडलेला. एका प्रकरणात तो स्वतः बोलतो, दुसऱ्यात आई, कुठे शिक्षक, कुठे मित्र. सगळे आपापल्या बोलीत. बेन्जीच्या वयाच्या मुलांनी हे वाचायचं नाही, तर कुणी वाचायचं?

मनाला सगळ्यात लागते ती समितीची गोष्ट. मंडळानेच चार पालक आणि चार शाळा कर्मचारी नेमले. त्यांनी पुस्तकं वाचली, पाच ठेवावीत असं सांगितलं. मंडळाने त्यातलं एकच बिनशर्त परत ठेवलं.

१९७७मध्ये पाच विद्यार्थी कोर्टात गेले. स्टीव्हन पिको तेव्हा १७ वर्षांचा. १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल मुलांच्या बाजूने लागला. केवळ विचार पटत नाहीत म्हणून शालेय ग्रंथालयातून पुस्तक काढता येणार नाही, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. पण या तत्त्वावर त्या पाचांचंही एकमत नव्हतं, आणि ही फट राहून गेली.

याद्या आजही फिरतात. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये पुस्तकबंदीच्या १०,०४६ घटना मोजल्या. त्यातल्या कितीतरी पुस्तकांत कृष्णवर्णीय किंवा समलिंगी मुलांची आयुष्यं आहेत.

आयलंड ट्रीजची पुस्तकं ऑगस्ट १९८२मध्ये कपाटात परतली, तीही अट घालून : मुलाने यातलं पुस्तक नेलं की ग्रंथपालाने पालकांना कळवायचं. पिकोची शाळा तोवर केव्हाच संपली होती.