चिरायचं नाही, भाजायचं नाही

(दृश्य : शिराळा, जिल्हा सांगली. श्रावणातली ओली सकाळ. स्वयंपाकघर.)

आज या घरात तवा चढणार नाही. विळी कोपऱ्यात उभी आहे, ती उद्यापर्यंत तशीच राहील. नागपंचमीला चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. म्हणून पुरणाचे दिंड, वाफेवर उकडलेले. काल बायकांनी भावाचा उपवास धरला होता, आणि तो भाऊ म्हणजे नाग. रानात आज नांगर नाही, कुदळ नाही. जमिनीखाली कुणाचं तरी घर आहे, त्याला इजा नको.

मी याच भागातली आहे. हे सगळं मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगते. पुढे जे बोलणार आहे ते या दिंडांविरुद्ध नाही.

(दृश्य : गल्लीतली मिरवणूक. पालखी. नागाची प्रतिमा.)

बत्तीस शिराळ्याची कथा अशी. गोरक्षनाथ भिक्षेला महाजनांच्या दारी आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून भिक्षा वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? तेव्हापासून इथे जिवंत नाग पुजला जाऊ लागला. पुढे पूजेला मिरवणूक जोडली गेली, मिरवणुकीला स्पर्धा. कुणाचा नाग लांब, कुणाचा फणा उंच. पंचमीच्या कितीतरी दिवस आधी मंडळांची पोरं रानात उतरायची, पकडलेले नाग गाडग्यांत ठेवायची आणि सणाला वाजतगाजत फिरवायची.

नागाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हे सगळं थांबलं. गावाला ते फार लागलं, आणि मला ते समजतं. पिढ्यान् पिढ्या ज्याला भाऊ म्हटलं, त्याला हात लावणं एका कागदाने गुन्हा ठरलं. पण भाऊ गाडग्यात कोंडलेला असतो का, हा प्रश्न गावात मोठ्याने विचारणाऱ्याला धर्मबुडवा ठरवलं जात होतं, हेही मला माहीत आहे.

(दृश्य : रात्र. उसाचा फड. बांधावरून जाणारी वाट.)

आता वर्षातल्या बाकीच्या रात्रींबद्दल. रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला गेलेला माणूस. पायाखाली काहीतरी वळवळतं.

आपल्याकडे माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांनी : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नागाच्या विषाने पापण्या जड होतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. घोणस चावली की रक्त गोठत नाही, किडनी निकामी होऊ शकते. मण्यारीचा दंश झोपेत होतो, आणि कधी कधी त्याची खूणही सापडत नाही. गावात ज्याला ‘सापाचं इंजेक्शन’ म्हणतात, ते एकच औषध या चौघांवरही चालतं. घोड्याला अगदी थोडं थोडं विष देत गेलं की त्याच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार होतात. तीच या बाटलीत असतात. ती वेळेत शिरेत गेली पाहिजेत.

मग माणसं देवळात का नेतात? कारण देवळात नेलेली पुष्कळ माणसं खरोखरच वाचलेली असतात. शेतात दिसणारे बहुतेक साप धामण, दिवड असे बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असंही नाही. अशा माणसाला काहीच केलं नाही तरी तो सकाळी उठून चहा पितो. रात्रभर मंत्र म्हणणाऱ्याला यश येतं ते इथून. आणि ज्याच्या अंगात विष खरंच उतरलंय, तो मेला की म्हणतात, देवाची मर्जी.

आमच्या गावात असंच एक पोर गेलं. मी तेव्हा चौथीत होते. तिला देवळासमोर निजवलं होतं, कडुलिंबाचा पाला खायला दिला होता. कडू लागत नाही म्हणाली, म्हणून विष आहे असं ठरलं, आणि तरीही पहाटेपर्यंत तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी पारावर एवढंच विचारलं, ‘दवाखान्यात का नाही नेली?’ कुणी भांडलं नाही. कुणी उत्तरही दिलं नाही. त्या वर्षी जत्रेची वर्गणी मागायला आमच्या दारात कुणी आलं नाही. वडील देव मानणारे होते, शनिवार करायचे. ते न मागितलेल्या वर्गणीबद्दल शेवटपर्यंत बोलत राहिले.

(दृश्य : कराडजवळ टेंभू. कृष्णेचं पात्र.)

असं विचारणारे या कृष्णाकाठाला नवे नाहीत. टेंभू म्हटलं की आज लोकांना पाण्याची योजना आठवते. १८५६ साली इथे गोपाळ गणेश आगरकर जन्मले. पुण्यात सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ‘इष्ट असेल ते बोलणार’ हे त्यांनी लिहिलं, आणि बोलत राहिले.

(दृश्य : सातारा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं शहर.)

आणि साताऱ्यात १९४५ साली नरेंद्र दाभोलकर. सांगलीत शिकले, मिरजेत डॉक्टर झाले, कबड्डीचं मैदान गाजवलं. १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. त्यांच्या अठरा वर्षांच्या धडपडीतून जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याची अनुसूची प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली पाहिजे असं मला वाटतं. त्यात एक कलम सापाचंच आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा.

विरोध झाला तो मात्र वेगळंच सांगून. पूजा बंद होईल, वारी बंद होईल, सत्यनारायण घातला तर पोलीस येतील. साध्या, भाविक माणसांच्या मनात ही भीती घातली गेली. कायदा वाचा. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, घरातली आणि देवळातली उपासना यांना हा कायदा लागू नाही, असं त्यातच लिहिलंय. वाचायच्या आधीच धर्म बुडाला होता.

२० ऑगस्ट २०१३. तोही श्रावणच. पुण्यात पुलावर, सकाळी फिरायला निघालेल्या डॉक्टरांवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने वटहुकुमाला मंजुरी दिली, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

(दृश्य : पुन्हा शिराळा. मुलं. एका फलकावर चार सापांची चित्रं.)

२०२५ साली केंद्र सरकारने शिराळ्याला २१ नाग पकडायला परवानगी दिली, ती शैक्षणिक कारणासाठी. त्या परवानगीवर गावात आणि बाहेर वाद आहेत. नाग दूध पचवू शकत नाही, तो तहानलेला असला की समोर येईल ते पितो, हे आज इथलं पोर न घाबरता सांगतं. पारावर सांगतं. मला ते ऐकायला फार बरं वाटतं.

(दृश्य : वाळव्याकडचं एक घर. दार अर्धवट उघडं.)

त्या मुलीची आई आता थकली आहे. पंचमीला ती अजून दिंड करते. भिंतीवर चंदनाने नाग काढते, लाह्या वाहते, हात जोडते. संध्याकाळी रानात जाणाऱ्या नातवाच्या हातात बॅटरी देते, पायात बूट घातलेत का ते वाकून बघते. दारामागे खडूने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलंय : १०८.